महापूर, दरड, वीज, ऊन : तुमच्या भागात हातात वेळ किती असतो?

गावभागवाला

मंडळी, वळवाचे दोन पाऊस पडले नाहीत तोच फॅमिली ग्रुपवर ती यादी परत आली. टॉर्च, मेणबत्त्या, बिस्किटचे पुडे, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पॉवरबँक. यादी चुकीची नाही, पण तीच यादी आमच्या सांगलीला, तीच पाटणच्या डोंगरातल्या वाडीला, तीच जतला आणि तीच चंद्रपूरच्या मावशीला, हे काय पटत नाही बुवा. म्हणून धागा काढतोय. माझं म्हणणं एवढंच की पिशवीत काय भरायचं ते नंतर, आधी हे बघा की तुमच्याकडे संकट दारात यायच्या आधी हातात वेळ किती असतो. दोन दिवस, दोन तास का दोन मिनिटं. बाकीचं त्याच्यावर ठरतं.

सांगलीपुरतं मी सांगतो. आमचा पूर सावकाश येतो. कोयना धरणात १०५.२५ टीएमसी मावतं, ते भरत आलं की दरवाजे उचलतात, मग पाणी कराडला, तिथून बहे, ताकारी, भिलवडी करत सांगलीच्या आयर्विन पुलाला. पाटबंधारेचं पत्रक फिरतं त्यात या सगळ्या पुलांची पातळी फुटात दिलेली असते आणि आपले लोक फक्त आयर्विनचा आकडा बघून मोबाईल खिशात घालतात. अहो वरचे बघा की! कराड, भिलवडी चढायला लागली म्हणजे आपल्याकडे पुढं काय होणार ते आधीच कळतं. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. पण ते शहराचे आकडे झाले. आयर्विनला किती फूट झालं की तुमच्या पायरीला पाणी लागतं, हा तुमचा आकडा, आणि तो घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे, आजीला पण आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला पण. कर्नाळ रोडवाल्यांचा आकडा आमच्यापेक्षा बराच खाली असणार, त्यांना ४० ची वाट बघून कसं चालेल.

अजून एक. २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलेलं, त्याच्या खुणा दुकानांच्या भिंतींवर होत्या. २०१९ ला पेठेतले कितीतरी व्यापारी त्या खुणेवर विसंबून बसले, तेव्हा इथवरच आलेलं म्हणून. माल खुणेच्या वर एक फळी उचलून ठेवला की झालं. पाणी ५७ च्या वर गेलं. फळीसकट माल गेला. म्हणजे वेळ होता, दोन-तीन दिवस होता, पण जुन्या खुणेनं तो खाल्ला. आता २०१९ च्या खुणा रंगवल्यात, त्यांच्यावर पण कोणी तसंच विसंबू नये म्हणजे मिळवली.

तुमच्या भागाचं लिहा. नुसतं "काळजी घ्या" नको.

हरिपूरचा_हळद्या

धागा मस्त. एक भर घालतो, पाणी नदीकडून येईल म्हणून लोक नदीकडं तोंड करून बसतात आणि ते मागनं येतं. नाल्यातनं. नदी फुगली की नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं गल्लीत शिरतं, शेरीनाल्याच्या आसपासच्या लोकांना विचारा. आमच्या हरिपुरात तर वारणा येऊन मिळते, वारणेवरच्या चांदोली धरणातनं पण विसर्ग चालू असला आणि कृष्णा पण भरून वाहत असली तर वारणेचं पाणी जाणार कुठं? ते फुगतं. म्हणून कोयनेबरोबर चांदोलीचा आकडा पण बघत जा, तिथं ३४.४० टीएमसी मावतं.

आणि घरात पहिलं पाणी उंबऱ्यावरनं येत नाही, संडासाच्या भांड्यातनं आणि मोरीतनं येतं. जुन्या कापडात वाळू बांधून भांड्यात कोंबायची, वर वजन ठेवायचं. घाण वाटतं वाचायला पण त्यानं तासभर तरी जास्त मिळतो सामान वर न्यायला.

गॅसचं कोणी बोलत नाही. रेग्युलेटर काढून टोपण लावायचं आणि सिलिंडर दोरीनं खिडकीच्या गजाला बांधायचा. भरलेला सिलिंडर पण पाण्यावर तरंगतो, तो घरभर फिरतो आणि टीव्ही-कपाट फोडतो.

साधा_प्रश्न

टीएमसी आणि क्युसेक यातलं मला कधीच कळत नाही. बातम्यांत "पन्नास हजार क्युसेकने विसर्ग" म्हणतात, म्हणजे घाबरायचं का नाही?

गावभागवाला

@साधा_प्रश्न क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी जातंय, आणि टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साठा. साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर चालू राहिलं की साधारण १ टीएमसी पाणी खाली गेलं. पन्नास हजार दिवसभर म्हणजे सव्वाचार टीएमसीच्या वर. घाबरायचं का हे नुसत्या त्या आकड्यावर ठरत नाही, धरणाखाली पाऊस किती पडतोय आणि नदी आधीच किती भरलीय त्याच्यावर पण आहे. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातनं २१०० क्युसेक सुटलं अशी बातमी आली की काहीजण फोन करतात, त्यानं काय होत नाही हो, झोपा.

ऊसवाला_पलूस

शहरातल्या लोकांचं सामान वर नेलं की झालं. आमच्याकडं जनावरं हायत. म्हस दुसऱ्या मजल्यावर चढत न्हाय. २०१९ ला जी माणसं शेवटपर्यंत गावात राहिली त्यातली निम्मी जनावरांपायी राहिली, घरापायी न्हाय. आणि मग बोटीची वेळ आली. ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला जे झालं ते सगळ्या राज्यानं बघितलं, बोट उलटली, आमच्याच तालुक्यातली माणसं गेली. बोटीत माणसं जास्त झालती. त्यामुळं माझं सरळ म्हणणं हाय की बोटीत बसायची पाळीच येऊ द्यायची न्हाय. बसायचीच झाली तर लाईफ जॅकेट असंल तरच बसायचं आणि बोट भरली असंल तर दुसऱ्या खेपंला जायचं, कितीबी ओरडूदेत.

आम्ही आता काय करतो, भिलवडी पूल चढायला लागला की जनावरं पाव्हण्यांच्या गावाला, वरच्या अंगाला. पाव्हण्याशी उन्हाळ्यातच बोलून ठेवायचं, वैरणीचं पण ठरवून ठेवायचं, ऐनवेळी फोन केला की त्याच्या गोठ्यात आधीच दुसऱ्याची चार बांधलेली असत्यात. दावं कापायला विळा गोठ्यात टांगलेला पायजे. निघायला जमलंच न्हाय तर निदान दावी सोडून द्या, बांधलेलं जनावर मरतं, सुटलेलं पोहून कुठंतरी लागतं.

उसाचं म्हणाल तर पाणी आठ दिवस बुडख्यात राहिलं तरी ऊस काही प्रमाणात धरतो, पण शेंड्यावरनं पाणी गेलं आणि पोंग्यात गाळ बसला की संपलं, कुजतो. त्याला तयारी काय न्हाय. पूरपट्ट्यात काय लावायचं ह्योच विचार.

पाटणची_मास्तरीण

गावभागवाले दादा, तुमच्याकडे दोन दिवस असतात म्हणून तुम्ही आकड्यांवर बोलू शकता. आमच्याकडे डोंगर खाली येतो तेव्हा काही सेकंद असतात आणि बहुतेक वेळा रात्र असते. २२ जुलै २०२१ ची रात्र आमच्या तालुक्यात कोणी विसरणार नाही, आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. त्याच चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिमी पाऊस झाला होता. माणमध्ये वर्षाला साधारण पाचशे पडतो, म्हणजे तिकडचं वर्षभराचं इकडे एका दिवसात. रायगडमधल्या इर्शाळवाडीची दरड २०२३ ला पण रात्रीच कोसळली.

त्यामुळे दरडीला "आली की पळू" असली तयारी नसते. आधीच निघायचं. मी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना हे सांगते : घराच्या वरच्या अंगाला जमिनीला नवी भेग पडली, झाड किंवा विजेचा खांब कालच्यापेक्षा कलला, दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा जिथे कधी नव्हता तिथे नवा झरा फुटला, ओढा भर पावसात एकाएकी आटला (वर कुठेतरी अडलाय), यातलं एक जरी दिसलं तरी त्या रात्री त्या घरात झोपायचं नाही. ग्रामपंचायतीला कळवा, जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ ला फोन करा, पण परवानगीची वाट बघू नका. शाळा, समाजमंदिर, पाहुण्यांचं घर, जे उताराखाली नाही ते. पळायची वेळ आलीच तर ओढ्याच्या बाजूने खाली पळायचं नाही, आडवं पळायचं, कडेला. दरड ओढ्यानेच उतरते.

अडचण अशी की दहा वेळा निघालं आणि काहीच झालं नाही की अकराव्या वेळी म्हातारी माणसं उठत नाहीत. "तुझं आपलं दरवर्षीचंच." याला माझ्याकडे उत्तर नाही, मी फक्त सहलीसारखं करते, आजीबाईंना म्हणते शाळेत भजन आहे चला.

घाटावरचा_ड्रायव्हर

रस्त्याचं सांगतो. कुंभार्ली, आंबेनळी दोन्ही पावसाळ्यात रात्री नको. २०२१ ला आंबेनळीचा रस्ताच जागोजागी वाहून गेला होता. घाटात लहान दगड गोटे रस्त्यावर घरंगळत आलेले दिसले तर गाडी थांबवून फोटो काढू नका, पुढं निघा किंवा मागं फिरा, कड्याखाली थांबायचं नाही. चहा नंतर मिळतो.

अलमट्टी_हटाव

सगळे आपलं सोडून बोलताय. मूळ कारण कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे. ५१९.६० वरून उंची ५२४.२५६ मीटर करायला निघालेत, ते झालं तर सांगलीत जहाज चालवावं लागेल. तयारी कसली करताय?

हरिपूरचा_हळद्या

@अलमट्टी_हटाव राव, २०१९ नंतर सरकारच्या वडनेरे समितीनं तर अलमट्टीमुळं पूर आला नाही असं म्हटलंय. बऱ्याच जणांना ते पटलेलं नाही, मला पण सगळं पटलेलं नाही, उंची वाढवायला माझा विरोधच आहे. पण तो लवाद, कोर्ट, दोन सरकारांचा विषय. ऑगस्टमध्ये माझी हळदीची पोती कोण उचलणार ते आधी सांगा.

अलमट्टी_हटाव

मी येतो उचलायला. पण विषय सोडणार नाही.

माणदेशी_मेंढका

आमच्याकडं पूर न्हाय, दरड न्हाय, आमच्याकडं दोनच गोष्टी, दुष्काळ आन् वीज. दुष्काळ तर वरीसभर आधी दिसतो, त्येची तयारी म्हंजे पाऊस चांगला झाला त्याच साली कडबा विकायचा न्हाय. येवढंच. ज्यांनी विकला ते छावणीत गेले. बाकी टेंभू योजनेचं पाणी जिथं आलं तिथं बरं हाय.

विजंचं मातर लई वंगाळ. एप्रिल-मे मधी दुपारनंतर आभाळ येतं आन् पंधरा-वीस मिनिटात खेळ. रानात मेंढरं घिवून आसतो, आडोसा म्हंजे एकच लिंबाचं नायतर बाभळीचं झाड, आन् माणूस पयला तितंच पळतो. तितंच मरतो. आमी पोरास्नी सांगितलंय, गडगड ऐकू आली म्हंजी वीज तुझ्यापर्यंत येऊ शकतीया. झाड सोडायचं, तारंचं कुंपण सोडायचं, विहिरीचं कठडं सोडायचं. घर जवळ न्हाय तर खोलगट जागंला उकिडवं बसायचं, पाय जुळवून, डोकं गुडघ्यात, आडवं पडायचं न्हाय. चार जण आसतील तर लांब लांब बसायचं. शेवटची गडगड झाल्यावर अर्धा तास उठायचं न्हाय. मेंढरं पांगली तर पांगू द्या.

दामिनी ॲप टाकून घ्या, पुण्याच्या आयआयटीएमनं काढलंय, जवळपास वीज पडत आसंल तर सांगतं. आमच्या रानात रेंज नसती ही गोष्ट येगळी. मंग घरच्यांनी आभाळ बघून फोन करायचा, न्हाय लागला तर नशीब.

साताऱ्यातली_सून

माणदेशी भाऊंचं वाचून आठवलं. "सातारा जिल्हा रेड अलर्ट" आला की माझ्या दहिवडीच्या माहेरी लख्ख ऊन असतं आणि सासरी जावळीत दोन दिवस दार उघडता येत नाही. एकाच जिल्ह्यात. त्यामुळे दहिवडीची माणसं अलर्टवर हसतात आणि मग तो खरंच त्यांच्यासाठी येतो तेव्हा पण हसतात. हल्ली हवामान खातं घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतं, तो शब्द बघायचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हला. अति अतिवृष्टी म्हणतात ती २०४.५ मिमीपासून पुढे चोवीस तासांत.

तासगावचा_बागाईतदार

द्राक्षवाल्यांचं कोणी विचारतच नाही 😀 फळछाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी रोग, काढणीला आला की मणी तडकतात, बेदाणा शेडवर आला की माल काळा. गारपिटीला दहा मिनिटं पण मिळत नाहीत. प्लॅस्टिक आच्छादन हा एक उपाय आहे पण खर्च बघून घाम फुटतो. छाटणी सगळ्या बागेची एकदम न करता टप्प्यानं करतो आम्ही, म्हणजे एका पावसात सगळं जात नाही. तयारी म्हणजे तेवढीच, बाकी आभाळाकडं बघणं.

मिरजेची_सिस्टर

पूर ओसरल्यावरचं मी लिहिते कारण आमच्याकडे गर्दी तेव्हा होते.

विहीर किंवा टाकी बुडाली असेल तर आधी घाण पाणी उपसून काढा. मग ब्लिचिंग पावडर, साधा हिशेब १००० लिटरला अडीच ग्रॅम. ती कोरडी विहिरीत टाकायची नाही, बादलीत पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून बादलीने ढवळा आणि तासभर थांबा. पावडरचं पोतं उघडं राहिलं तर तिचा जोर जातो, म्हणून मागच्या वर्षीची शिल्लक वापरू नका. तरीही प्यायचं पाणी उकळूनच.

चिखलात अनवाणी फिरू नका, पायाला जखम असेल तर अजिबात नको. नंतर ताप, अंग आणि पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं झालं की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, "पुरात भिजलो होतो" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नका.

आणि साप. पाणी चढतं तसे तेही कोरडी जागा शोधतात, म्हणजे तुमचा माळा, तुमची गादी. मण्यार रात्री अंथरुणात येतो आणि चावलेलं बऱ्याचदा कळतसुद्धा नाही, सकाळी पोट दुखतं, पापण्या जड होतात. मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा, ती डासांपेक्षा यासाठी जास्त कामाची. चावला तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं काही नको. हात-पाय हलू न देता १०८. मंत्रवाल्याकडे नेऊन घालवलेला तासच जीव घेतो.

ऊसवाला_पलूस

सिस्टर, हे प्रिंट काढून सोसायटीत लावतो.

दापोलीकर

कोकणातून नमस्कार. आमच्याकडे वादळाला सांगलीसारखाच एक-दोन दिवस मिळतो. ३ जून २०२० च्या निसर्गला आधीपासून नाव, वेळ सगळं माहीत होतं. लोक अन्नपाण्याची तयारी करतात, पत्र्याची करत नाहीत. सुटलेला पत्रा माणूस कापतो. आधीच्या दिवशी पत्रे बांधायचे, अंगणातलं बाकडं-कुंड्या आत, घरावर झुकलेल्या फांद्या मे मध्येच तोडायच्या. आणि मध्येच वारा एकदम पडला तर बाहेर यायचं नाही, तो डोळा असू शकतो, थोड्या वेळाने उलट्या दिशेने परत सुरू होतं. वीज नंतर कित्येक दिवस येत नाही, पंप बंद म्हणजे विहिरीला रहाट हवाच. नव्या बंगल्यांत रहाटच नाही!

बल्लारपूरची_मावशी

आमची मावशी म्हणून जिचा उल्लेख झाला ती मीच असेन बहुतेक. सांगलीत पारा ४० ला गेला की तुम्ही लोक मेसेज करता "मेलो". आमच्याकडे ४५ रोजचं असते जी. खरं सांगू का, उन्हाची तयारी घड्याळाची असते, बारा ते चार काम बंद, बस. लग्नाच्या पंगती तेवढ्यात ठेवायच्या नाही. माणसाचा घाम थांबला, बडबडायला लागला, अंग तापलं तर पाणी पाजत बसायचं नाही, तो बेशुद्धीत गिळणार नाही, आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला अन् दवाखाना.

डॅलसचा_मिरजकर

इकडे टेक्सासमध्ये टोर्नेडोला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, कधी तेवढीही नाही. दोन शब्द आहेत, "वॉच" म्हणजे होऊ शकतो, "वॉर्निंग" म्हणजे दिसलाय, लपा. खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत. आम्ही तिथे बूट आणि पोरांची सायकलची हेल्मेट ठेवलीत, कारण नंतर सगळीकडे काचा असतात.

पण सांगायचं वेगळंच. फेब्रुवारी २०२१ ला इथे बर्फ पडला, वीज गेली, आणि उबेसाठी लोकांनी गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, घरात कोळशाच्या शेगड्या पेटवल्या. कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली, त्याला वास नसतो. हे सांगलीला लागू आहे, पुरात जिन्याखाली जनरेटर लावतात ना आपल्याकडे? गच्चीवर उघड्यावर लावा.

गावभागवाला

@डॅलसचा_मिरजकर हे आमच्या अपार्टमेंटला दाखवतो. जिन्यातच लावतात.

गाड्यांचं राहिलं. बुडालेली गाडी पाणी उतरल्यावर किल्ली मारून बघायची नाही, इंजिनात पाणी असताना चालू केली की इंजिन जातं, आणि साध्या पॉलिसीत ते बहुतेक वेळा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. फोटो काढा, टो करा. पण मुळात गाडी कुठं न्यायची आधी? आमच्या गल्लीत चौदा गाड्या आहेत.

विश्रामबागची_काकू

आमच्या बंगल्याच्या मागे जागा आहे, सहा-सात गाड्या मावतील. २०१९ ला लोक मध्यरात्री बेल वाजवत होते आणि रस्त्यावरच उभ्या करून जात होते. तसं नको. आधी ठरवा.

गावभागवाला

काकू खरंच? मग आयर्विनला ३८ झालं की आणतो, ४० ची वाट नको. सहा गाड्यांची नावं उद्या पाठवतो. बाकीच्या आठांसाठी अजून कोणाकडे जागा?

अलमट्टी_हटाव

माझ्याकडे वानलेसवाडीत तीन. आणि हळद्याच्या पोत्यांना शेड आहे.

विश्रामबागची_काकू

चालेल, ३८. दिवसा आणा, रात्री नऊनंतर गेटला कुलूप असतं. आणि तुमच्या गल्लीतला तो अल्सेशियन गाडीत बसवून आणणार असाल तर आधी सांगा, आमच्याकडे मांजरं आहेत.